सुताराचे सूत, देवीचा भाला

ग्रीकांच्या अथेनेची ओळख ‘ज्ञानाची आणि युद्धाची देवता’ अशी करून द्यायची पद्धत आहे. जणू तिच्याकडे दोन वेगळी खाती होती आणि ती सवडीप्रमाणे या नाही तर त्या गादीवर बसत असे. अथेन्सच्या लोकांनी तिचे जे केले-सवरले ते नीट पाहिले, तर या खात्यांमध्ये भिंतच सापडत नाही. तिची बुद्धी हाताची होती. जो हात माग चालवतो, जहाजाची फळी तासतो, त्याच हाताने शहरही राखायचे, एवढे साधे तिचे राज्य होते.

‘सोफिया’ म्हणजे शहाणपण; हा शब्द तत्त्वज्ञांनी पुढे आपल्या मालकीचा केला. पण होमरच्या दोन्ही महाकाव्यांत मिळून तो एकदाच येतो, इलियडच्या १५व्या सर्गात, आणि तोही सुताराच्या संदर्भात. जहाजाचे लाकूड सरळ करायला सुतार सूत धरतो, आणि हे कसब त्याला अथेनेच्या प्रेरणेने आलेले असते. (आपल्या ‘सुतार’ या शब्दाच्या मुळाशीही सूत्रधारच आहे.) पण कवीने ही उपमा दिली आहे कशाला? दोन सैन्यांमध्ये सुतासारख्या ताणून राहिलेल्या लढाईला! कसब, देवी आणि युद्ध अशी तिन्ही एका उपमेत येतात, आणि कवीला त्यात काही जोडल्यासारखे वाटत नाही. त्याच काव्याच्या ५व्या सर्गात अथेना ग्रीक योद्धा डायोमिडीजचा भाला नेमका आरेसच्या पोटात घालते. आरेसही युद्धाचाच देव, पण त्याचे युद्ध म्हणजे नुसती खुमखुमी. अथेनेचे युद्ध नेम धरून केलेले.

अथेन्सच्या उत्सवात तर हे डोळ्यांना दिसे. शरद ऋतूत ‘खाल्किया’ हा लोहार-कासारांचा सण येई. त्या दिवशी मागावर ताणा चढे, आणि पुढचे नऊ महिने मुली-बायका देवीसाठी वस्त्र विणत. पॅनाथेनाइया उत्सवात ते तिला अर्पण होई. वस्त्रावर फुलेवेली नसत. अथेना आणि देव राक्षसांशी लढताहेत, ते युद्धच त्यात विणलेले असे. अक्रोपोलिसवर नवस फेडणाऱ्यांत कुंभार होते, एक परटीणही होती. आणि पार्थेनॉनमधल्या फिडियसच्या मूर्तीवरचे सोने? ४० टॅलंट, म्हणजे सुमारे एक टन, आणि तेही काढता येईल असे मढवलेले. स्पार्टाशी युद्ध पेटले तेव्हा, इसवी सनापूर्वी ४३१मध्ये, पेरिक्लीजने शहराच्या युद्धनिधीत ते सोने मोजून दाखवले. वापरले तर तेवढेच परत करायचे, ही अट घालून. देवीचा अलंकार कारागिराचा, आणि अडीअडचणीला तोच सैन्याचा पगार.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. क्रीटमधल्या क्नोसॉसच्या मातीच्या पाट्यांवर ‘अताना’ नावाची स्वामिनी दिसते. ती मुळात राजवाड्याची रक्षक, ढालवाली देवी होती; माग नंतर तिच्या गळ्यात पडला, असे काही अभ्यासक मानतात. पण त्या राजवाड्याची दौलत कशात होती? त्याच पाट्यांमध्ये लाखाच्या आसपास मेंढ्यांचा हिशेब आहे, लोकरीचा आहे, विणकरणींना दिलेल्या शिध्याचा आहे. असा राजवाडा राखणारी देवी त्याचे माग वाऱ्यावर सोडून फक्त तटावर उभी राहील, हे पटत नाही. दुसरा आक्षेप मात्र मान्य केला पाहिजे: मागाला एवढा मान देणाऱ्या अथेन्सने विणणाऱ्या बाईला सभेत मत दिले नाही. देवीचा सन्मान कसबाला होता. कसब असणाऱ्या प्रत्येकाला नव्हे.

अथेन्सबाहेर पडल्यावर ही गाठ सुटत गेली. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात वायव्य भारतात राज्य करणाऱ्या मिनँडरने, म्हणजे ‘मिलिंदपञ्ह’मधल्या मिलिंदाने, आपल्या चांदीच्या नाण्यांवर अथेना घेतली. पण नाण्यावरची अथेना ढाल सरसावून वज्र फेकणारी आहे. राजाला नाण्यावर धाक हवा असतो. चाती-माग त्याला कशाला? ‘पेरिप्लस’ या इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासग्रंथात नोंद आहे, की मिनँडरची जुनी नाणी तेव्हाही भडोचच्या बाजारात चालत. त्याच बाजारात दख्खनमधून, तगर म्हणजे आजच्या तेरहून, गाड्या भरभरून सुती कापड उतरे.