फॅमिली डॉक्टरांचे खासगी शुल्क (ब्रिटन)

ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या एनएचएसमध्ये, फॅमिली डॉक्टरकडची तपासणी आणि उपचार मोफत असतात. मात्र त्याच डॉक्टरने दिलेले काही दाखले, अहवाल, भरून दिलेले फॉर्म आणि परदेश प्रवासापूर्वीच्या काही लसी यांचे पैसे मोजावे लागतात. या आकारणीला तिकडे ‘खासगी शुल्क’ म्हणतात. फॅमिली डॉक्टरला तेथे जीपी म्हणतात आणि त्याच्या दवाखान्याला सर्जरी. दवाखान्यात सगळे फुकट असताना एका सहीचे पैसे कसले, हा प्रश्न सर्जरीच्या रिसेप्शनवर नेहमी विचारला जातो. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर १९४८ साली झालेल्या तडजोडीत सापडते.

एनएचएस ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. तिचे शिल्पकार आरोग्यमंत्री अन्युरिन बेव्हन. आपण सरकारी पगारी नोकर होऊ, या भीतीने बहुसंख्य डॉक्टरांनी योजनेला आधी कडाडून विरोध केला होता. अखेर बेव्हन यांनी जीपींना स्वतंत्र कंत्राटदार राहू दिले आणि ती व्यवस्था मोठ्या प्रमाणावर आजही टिकून आहे. बहुतेक सर्जऱ्या भागीदारीत चालतात. नोंदणीकृत रुग्णामागे दरवर्षी ठरावीक रक्कम मिळते आणि तीच त्यांच्या उत्पन्नाचा मुख्य आधार असते. २००४ च्या करारापासून रुग्णांचे वय, लिंग, परिसरातील आजारपण वगैरे जमेस धरून ती सूत्राने ठरते. अलीकडे सरासरी शंभर पौंडांच्या वर गेली आहे. रुग्ण वर्षातून एकदा येवो की तीस वेळा, रक्कम तेवढीच. जागेचा खर्च, परिचारिकांचे आणि रिसेप्शनवरच्या माणसांचे पगार यांची तोंडमिळवणी मुख्यतः त्यातूनच करायची असते.

या रकमेच्या बदल्यात काय द्यायचे, हे करारात लिहिलेले आहे. आजारी माणसाला तपासणे, औषध लिहून देणे, गरज पडल्यास तज्ज्ञाकडे पाठवणे, हे सारे त्यात येते. त्यासाठी जीपीला आपल्या नोंदणीकृत रुग्णाकडून एक पेनीही घेता येत नाही. रुग्ण स्वखुशीने पैसे देत असला, तरी आपल्याच यादीतल्या माणसावर खासगी उपचार करायला जीपीला बंदी आहे. ही बंदी फार मोलाची आहे. ती नसती तर पैसे मोजणाऱ्याला आधी तपासायचा मोह प्रत्येक सर्जरीत शिरला असता.

कराराच्या नियमांत दोन याद्या आहेत. विनामूल्य द्यायच्या दाखल्यांची एक, आणि कोणत्या प्रसंगी शुल्क घेता येईल याची दुसरी. पहिल्या यादीत सरकारी आजारभत्ता आणि प्रसूतीविषयक लाभांसाठी लागणारे दाखले आहेत. शारीरिक असमर्थतेमुळे मतदान केंद्रावर जाऊ न शकणाऱ्या मतदाराचा दाखला आहे, तसेच गंभीर मानसिक दुर्बलता असलेल्या व्यक्तीला स्थानिक करातून सूट मिळावी म्हणून लागणारा दाखलाही आहे. दुसऱ्या यादीत मोटारीचा सीटबेल्ट लावण्यातून वैद्यकीय कारणाने सूट हवी असल्यास करावी लागणारी तपासणी येते, परदेशात कदाचित आजार झालाच तर जवळ असावीत म्हणून नेलेली औषधेही येतात. रस्त्यावरच्या अपघातात तातडीचा उपचार केल्यास वाहन वापरणाऱ्याकडून दर जखमीमागे २१.३० पौंड घेण्याची तरतूदही ब्रिटिश वाहतूक कायद्यात आहे.

नोकरदाराला सर्वाधिक अडणारा कागद म्हणजे आजारपणाचा दाखला. एप्रिल २०१० पासून जुन्या ‘सिक नोट’ची जागा ‘फिट नोट’ने घेतली. आजारपणाच्या पहिल्या सात दिवसांसाठी डॉक्टरची चिठ्ठी लागतच नाही, कर्मचाऱ्याने स्वतः लिहून दिलेले पुरते. त्यापुढे फिट नोट लागते आणि ती मोफत मिळते. एखादा मालक तीन दिवसांच्या तापालाही डॉक्टरचे पत्र आणायला सांगत असेल, तर ते पत्र कराराबाहेरचे ठरते आणि त्याला शुल्क पडते. अशा वेळी ते पत्र मागणाऱ्या मालकाने भरावे हेच न्याय्य आहे. प्रत्यक्षात बहुधा कर्मचाऱ्याच्याच खिशाला चाट बसते.

एक साधा फॉर्म जवळून पाहू. सुट्टीची सहल आजारपणामुळे रद्द झाली आणि विमा कंपनीकडून तिकिटाचे पैसे परत हवे आहेत, म्हणून रुग्ण दोन पानांचा कागद रिसेप्शनवर ठेवतो. त्यातला एक प्रश्न असा असतो : हा आजार, किंवा त्याच्याशी संबंधित कोणतीही तक्रार, तिकीट काढण्यापूर्वी रुग्णाला होती का? उत्तर एका शब्दाचे आहे, पण तो शब्द लिहिण्याआधी डॉक्टरला अनेक वर्षांच्या नोंदी, रुग्णालयांतून आलेली पत्रे आणि रक्ततपासण्यांचे निकाल चाळावे लागतात. छातीत दुखण्याची आठ वर्षांपूर्वीची एखादी ओझरती नोंद नजरेतून सुटली, तर सही खोटी ठरू शकते. आपण सही करतो ते बरोबर आहे याची वाजवी खातरजमा करावी आणि महत्त्वाची माहिती वगळू नये, असा तेथील जनरल मेडिकल कौन्सिलचा दंडक आहे, आणि त्याचे उल्लंघन नोंदणीवरही बेतू शकते. असे काम दोन रुग्णांच्या मधल्या वेळात उरकत नाही. म्हणूनच कागद लगेच मिळत नाही, आणि शुल्क शाईच्या दोन थेंबांसाठी नसून जबाबदारीसाठी आणि वेळेसाठी असते. तो वेळ करारातल्या रुग्णांच्या वाट्याचा असल्याने त्यांच्या खर्चाने एका विमा दाव्याचे काम होऊ नये, हा या सगळ्यामागचा विचार आहे आणि तो योग्य आहे.

कागद ज्याच्या कामाचा, पैसे त्याने द्यावेत, हे तत्त्व पुष्कळ ठिकाणी पाळलेही जाते. आयुर्विमा कंपनीने जीपीकडून अहवाल मागवला तर पैसे कंपनी देते. १९८८ च्या कायद्याप्रमाणे तो अहवाल कंपनीकडे जाण्यापूर्वी पाहण्याचा हक्क रुग्णाला असतो. वाहन परवाना खात्याने एखाद्या चालकाच्या आजाराबद्दल स्वतः विचारणा केली तर खाते पैसे देते. पण ट्रक किंवा बस चालवणाऱ्याला वयाच्या पंचेचाळिशीनंतर परवान्याच्या नूतनीकरणासाठी डॉक्टरची तपासणी लागते, तिचा खर्च त्याच्याच माथी येतो.

२५ मे २०१८ पासून माहिती संरक्षणाच्या नव्या नियमांमुळे रुग्णाला आपल्या सर्व वैद्यकीय नोंदींची प्रत मोफत मागता येते. त्याआधी कागदी नोंदींच्या प्रतीसाठी ५० पौंडांपर्यंत शुल्क घेता येत असे. हक्क मोठा आहे, परंतु त्याचा आडवाटेने वापरही सुरू झाला. सशुल्क अहवाल मागण्याऐवजी काही वकील आपल्या अशिलाच्या नावाने सगळी फाइलच फुकटात मागवू लागले. त्यात सर्जरीचा वेळ जातोच, शिवाय जुन्या गर्भपाताची किंवा नैराश्याची नोंद, जिचा दाव्याशी काही संबंध नाही, तीही परक्या टेबलावर जाऊन पडते. प्रश्नापुरते उत्तर देणारा सशुल्क अहवाल अशा वेळी रुग्णाच्या अधिक हिताचा असतो.

ज्या शुल्काने घराघरात दुखावले, ते अग्निसंस्काराचे. मृत्यूच्या कारणाचा दाखला ब्रिटनमध्ये विनामूल्य मिळतो. दफन करायचे असेल तर तेवढा पुरे. दहन करायचे असेल, तर इंग्लंड आणि वेल्समध्ये आणखी दोन फॉर्म लागत. एक उपचार करणाऱ्या डॉक्टरचा, दुसरा त्याची खातरजमा करणाऱ्या स्वतंत्र डॉक्टरचा. दहनानंतर पुरावा उरत नाही, म्हणून ही दुहेरी तपासणी. प्रत्येक फॉर्मचे ८२ पौंड, दोन्हींचे मिळून १६४. ही रक्कम अंत्यविधीच्या बिलात येई. डॉक्टरांच्या बोलीभाषेत तिला ‘राखेचे पैसे’ असा अर्थ असलेला शब्द रूढ होता. शोकाकुल घरासाठी तो क्रूरच म्हणावा लागेल. दहन हाच ज्यांचा संस्कार, त्या मराठी आणि इतर हिंदू कुटुंबांना तर टाळायची सोयच नव्हती.

शिवाय ही तपासणी किती फोल असू शकते, हे हॅरल्ड शिपमन प्रकरणाने दाखवले. मँचेस्टरजवळच्या हाइड गावातल्या या जीपीला जानेवारी २००० मध्ये आपल्याच १५ रुग्णांच्या खुनाबद्दल शिक्षा झाली. पुढच्या चौकशीत बळींची संख्या किमान २१५ ठरली. दुसरी सही करणारे डॉक्टर त्याच्या सांगण्यावर विसंबून सह्या करत राहिले होते. चौकशी आयोगाने २००३ मध्ये सुचवलेली सुधारणा पूर्णपणे अमलात यायला दोन दशके लागली. दुसरा फॉर्म करोनाच्या साथीत मार्च २०२० मध्ये थांबला तो कायमचा. ९ सप्टेंबर २०२४ पासून स्वतंत्र वैद्यकीय परीक्षक मृत्यूचे कारण तपासू लागले आणि पहिला फॉर्मही गेला. स्कॉटलंडने हे शुल्क २०१५ मध्येच बंद केले होते.

सुट्टीत पुण्याला किंवा रत्नागिरीला येणाऱ्या ब्रिटनवासी मराठी कुटुंबांचा खासगी शुल्काशी सहसा पहिला संबंध येतो तो लसींमुळे. विषमज्वर, हिपॅटायटिस-ए, पटकी यांवरील लसी आणि घटसर्प-धनुर्वात-पोलिओची एकत्रित लस एनएचएसवर मोफत मिळतात, कारण हे आजार देशात आले तर सार्वजनिक आरोग्याला धोका अधिक. रेबीज, जपानी मेंदूज्वर आणि पीतज्वर यांवरील लसींचे, तसेच हिवताप टाळण्याच्या गोळ्यांचे पैसे पडतात. भारतातून नातवंडांना भेटायला आलेल्या आजी-आजोबांनाही इंग्लंडमध्ये जीपी विनामूल्य तपासतो. त्यांच्या भारतीय प्रवास विम्याचा फॉर्म भरून देण्याचे मात्र तो पैसे घेऊ शकतो.

बहुतेक खासगी कामांचे दर कायद्याने बांधलेले नाहीत. प्रत्येक सर्जरी आपापला दर ठरवते, त्यामुळे एकाच शहरात एकाच पत्राचे दोन भाव दिसतात. उपचाराशी संबंध नसलेल्या अहवालांवर मे २००७ पासून मूल्यवर्धित करही लागू शकतो. दर आधी सांगणे हे डॉक्टरचे कर्तव्य मानले जाते. शिवाय कराराबाहेरचे काम करण्याची सक्ती सहसा नसल्याने जीपी नकारही देऊ शकतो. पासपोर्टच्या अर्जावरील साक्षांकन आता डॉक्टरने केवळ त्या व्यक्तीचा मित्र असल्यासच करायचे असते.

या व्यवस्थेची खरी उणीव अशी, की ज्याला कागदाची गरज सर्वांत निकडीची, त्याच्याजवळच पैसे नसतात. कर्जात बुडालेल्या मनोरुग्णाने सावकारापुढे ठेवायचा दाखला आणि नवऱ्याच्या मारहाणीचा पुरावा म्हणून न्यायालयात द्यायचे पत्र, या दोन्हींसाठी सर्जऱ्या शुल्क घेत असत, आणि ते लांच्छनास्पद होते. संघटनांनी अनेक वर्षे पाठपुरावा केल्यावर पहिल्याचे शुल्क इंग्लंडमध्ये २०१९ च्या करारबदलाने गेले. इंग्लंड आणि वेल्समध्ये कायदेशीर मदतीसाठी लागणाऱ्या घरगुती अत्याचाराच्या वैद्यकीय पुराव्याचे पैसे घेण्यास १ ऑक्टोबर २०२१ पासून कायद्याने मनाई आहे. घर मिळवण्यासाठी किंवा भत्त्याच्या अपिलासाठी लागणारी पत्रे अजून अनेक ठिकाणी सशुल्कच आहेत. तीही या सवलतीत यायला हवीत.

भारतात फॅमिली डॉक्टर मुळात फी घेऊनच तपासतो, म्हणून तेथे हा वाद या रूपात उभा राहत नाही. तरी एक कागद भारतातही फुकटच द्यावा लागतो. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १० प्रमाणे, अखेरच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरने मृत्यूच्या कारणाचा दाखला कोणतेही शुल्क न घेता तत्काळ द्यायचा असतो.