साष्टीतलं फेस्त आणि विलायतेचा पाद्री

मंडळी, 5 ऑगस्टला मडगावहून राय गावाकडे गेलात, तर वाटेत बँडचा आवाज कानी येईल. ते कणसांचं फेस्त. पाद्रीबाब नव्या भाताच्या लोंब्यांना आशीर्वाद देतात, विळ्याने पहिली कणसं कापली जातात आणि मग गांवकार ती वाजतगाजत इगर्जीत नेतात. काही दिवसांनी आपल्याकडे चवथ येते आणि नव्याच्या पंचमीला तशीच कणसं आपण देवापुढे ठेवतो, दारावर बांधतो. शेत तेच, भात तेच. आमची आजी म्हणायची, "नवें सगळ्यांचंच, भटजी तेवढा वेगळा."

पण आज लिहायचं आहे ते अशा फेस्ताच्या दिवशी राबणाऱ्या एका परदेशी माणसाबद्दल. फादर थॉमस स्टीफन्स. शाळेच्या पुस्तकात त्याच्या मराठीची थोरवी गाणाऱ्या ओव्या आपण सगळ्यांनी पाठ केल्या. तो राहिला मात्र इथे, साष्टीत, आपल्याच घरांच्या आसपास, हे पुष्कळांच्या ध्यानात नसतं.

जन्म 1549 च्या सुमाराचा, इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यातला. राणी एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिक म्हणून जगणं कठीण झालं होतं. तो रोमला गेला, 1575 मध्ये जेझुइट झाला, आणि 1579 च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून गलबतात बसला. 24 ऑक्टोबरला गोव्यात उतरला. पुढची चाळीस वर्षं इथेच. मायदेशी परत गेलाच नाही. 1619 मध्ये वारला तोही गोव्यातच.

तो आला तेव्हा साष्टीची जखम ओली होती. 1560 च्या दशकात इथली देवळं पाडली गेली. आपला मंगेश कुशस्थळीहून आणि शांतादुर्गा केळशीहून नदीपलीकडे अंत्रुजात गेली, ती त्याच धामधुमीत. 1583 मध्ये कुंकळ्ळीत पाच जेझुइटांना लोकांनी मारलं. नंतर तिथल्या गांवकारांना बोलणीसाठी म्हणून असोळणेच्या किल्ल्यात बोलावून ठार केलं गेलं. ही दोन्ही मरणं एकत्र सांगायला हवीत. आपल्याकडे बहुतेक ज्याचा तो आपलंच मरण सांगतो.

अशा मुलखात त्याला फेस्तं साजरी करायची होती. फेस्ताचा दिवस म्हणजे पाद्रीला श्वास घ्यायला फुरसत नाही. सकाळी कुमसाराला बसायचं, मग मोठी मीस, मग इमाज घेऊन पुर्सांव. दुपारी भुरग्यांना दोतर्न शिकवायची, सांजेला पुन्हा प्रार्थना. गायन-वादन शिकवायला इगर्जीची शाळा होतीच. गोव्याच्या गावोगावी आजही व्हायोलिन वाजतं, त्याचं मूळ त्या शाळांत आहे. कोंफ्रारीचे मानकरी, फेस्ताचा खर्च उचलणारा प्रेजिदेंत, मान कोणाचा पहिला यावरून होणारे रुसवेफुगवे, हे तर आपल्या जत्रेच्या महाजनांसारखंच. (रुसव्यांच्या बाबतीत धर्म बदलून काही फरक पडला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.)

या सगळ्या गजबजाटात एक जागा रिकामी राहिली होती आणि ती स्टीफन्सला दिसली. क्रिस्तपुराणाच्या सुरुवातीला त्याने तो प्रसंगच घातला आहे. पाद्री दोतर्न सांगत असतो. एक ब्राह्मण पुढे येतो आणि म्हणतो की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरं पुराण का देत नाही? विचार करा मंडळी. देव बदलला, नाव बदललं, शेंडी गेली, तरी सणाच्या दिवशी संध्याकाळी बसून काहीतरी ऐकायची सवय जात नाही. त्या माणसाने परत मागितली ती कथा.

आणि विलायतेच्या पाद्रीने ती दिली. जवळजवळ अकरा हजार ओव्यांची, मराठीत, आदिपुराण आणि देवपुराण असे दोन भाग करून. बोलायला कोकणी आणि पुराणाला मराठी, ही इथल्या लोकांची जुनी रीत त्याने बरोबर ओळखली. कोकणीचंही व्याकरण त्याने लिहिलं. भारतीय भाषेचं छापलेलं ते पहिलं व्याकरण, 1640 मध्ये राशोलला छापलं गेलं, त्याच्या मागे. भावाला 1583 मध्ये धाडलेल्या पत्रात इथल्या भाषांची घडण लॅटिन-ग्रीकसारखी आहे असं तो लिहितो, तेव्हा त्याला येऊन चारच वर्षं झाली होती!

पुराण 1616 मध्ये रोमन लिपीत छापलं. स्वर्गाला त्याने वैकुंठ म्हटलं. रविवारी आणि फेस्तांच्या दिवशी इगर्जीत लोक जमत आणि ते वाचलं, गायलं जाई. 1649 आणि 1654 मध्ये पुन्हा छापलं. मग 1684 मध्ये पोर्तुगीज सरकारने हुकूम काढला की तीन वर्षांत लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं. ज्या भाषेत पाद्रीने पुराण लिहिलं, तीच आता अडचणीची झाली.

फेस्तं टिकली. बँड टिकला, खाज्यांची फेरी टिकली, नाताळला शेजारच्या घरातून येणारं दोदोल आणि नेवऱ्यांचं ताट टिकलं, चवथीला आपलं ताट तिकडे जातं तेही टिकलं. पण फेस्ताच्या संध्याकाळचं मराठी पुराण गोव्यातून हळूहळू गेलं. त्या तीन छापांपैकी एकाचीही प्रत आज कुठे मिळत नाही.

ते वाचलं, ते निघून गेलेल्यांमुळे. गोव्यातून दक्षिणेला, मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती घरांनी हाताने उतरून काढलेल्या पोथ्या जपल्या आणि त्यांतून वाचन चालू ठेवलं. त्या पोथ्यांवरून जोसेफ साल्ढाणा यांनी 1907 मध्ये मंगळूरला ते छापलं. देवनागरीतली एक जुनी पोथी लंडनमध्ये मार्सडेनच्या संग्रहात निघाली. ती 1925 च्या सुमारास जस्टिन ॲबट यांनी उजेडात आणली. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती 1956 ची. ग्रंथालयांतून अजून पाहायला मिळते.

राशोलचं सेमिनार रायहून अगदी जवळ आहे. पुढच्या 5 ऑगस्टला कणसांचं फेस्त बघायला गेलात तर तिथेही जाऊन या. पुराण तिथेच छापलं गेलं होतं.