दांडा : हत्याराचा हरवलेला अर्धा भाग

शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांनी घोड नदीकाठी उजेडात आणलेली ही वस्ती इ. स. पू. १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची. घरांच्या जमिनी, चुली, कुंभाराची भट्टी, सातूचे दाणे, घरातच पुरलेली माणसे, सारे सापडले. हत्यारे मात्र निम्मीच सापडली. पाती मिळाली, मुठी नाहीत.

लाकूड वाळवंटात टिकते किंवा दलदलीत टिकते. भीमेच्या खोऱ्यातली माती दर पावसाळ्यात भिजते, उन्हाळ्यात भेगाळते; तिथे लाकडाचा निभाव लागत नाही.

मग मुठी होत्या हे कशावरून? पात्यांवरून. कॅल्सेडोनी या दगडाची ही पाती जेमतेम काही सेंटीमीटर लांब. नुसत्या बोटांत धरून सातूचे शेत कापणे अशक्यच. त्यांतल्या कित्येकांची एक कड मुद्दाम टवके काढून बोथट केलेली आहे. ती बाजू मुठीच्या खाचेत बसवायची, धारदार बाजू बाहेर ठेवायची. अशी पाती ओळीने बसवलेला लाकडी विळा इजिप्तच्या फायूम भागात, धान्याच्या पेवात, अखंड सापडला आहे; पाती राळेने चिकटवलेली. इनामगावचा विळा कसा दिसत असेल, याची कल्पना त्यावरून येते.

दौंड तालुक्यातील वाळकी येथे तर नांगराचा फाळच मिळाला, गुरांच्या हाडापासून घडवलेला. हाडाचा फाळ लाकडी नांगराशिवाय निरुपयोगी. तो नांगर मातीत विरला.

कुऱ्हाडीची कथा अधिक रंजक आहे. संगमनेरजवळच्या जोर्वे येथे तांब्याच्या सहा चपट्या कुऱ्हाडी सापडल्या. त्यांना दांड्यासाठी भोकच नाही! अशी कुऱ्हाड लाकडात खाच पाडून किंवा लाकूड चिरून त्यात अडकवायची आणि आवळून बांधायची. प्रत्येक घावासरशी बांधणी ढिली होणार, हे ओघाने आलेच. पुढे विदर्भातील महापाषाणयुगीन शिळावर्तुळांत, माहुरझरी आणि टाकळघाट-खापा येथे, लोखंडी कुऱ्हाडी मिळाल्या; त्याही चपट्याच, पण सोबत फुलीसारख्या आवळणाऱ्या लोखंडी पट्ट्या. दोरीचे काम लोखंडाने घेतले. आजच्या कुऱ्हाडीला आरपार नेढे असते. दांडा त्यात शिरतो, वरून पाचर ठोकली की लाकूड फाकून घट्ट बसते.

पाचर ठोकली म्हणजे काम संपले असे नाही. दांडा ओल्या लाकडाचा असेल तर तो वाळून आकसतो आणि पाते निखळून कोणाच्या तरी अंगावर जाते. म्हणून लाकूड आधी सावलीत मुरवतात. शिवारात सहज मिळणारी बाभूळ चिवट, घाव सोसणारी. डोंगराकडे धावडा पसंत करतात. लाकडाचा धागा दांड्याच्या लांबीने उभा जायला हवा. तो आडवा गेला की दांडा ऐन कामात मोडतो. खुरप्याची तऱ्हा निराळी. त्याचे टोकदार शेपूट तापवून मुठीत ठोकतात; लाकूड जळत जाते आणि शेपटाला स्वतःची जागा मिळते.

हे काम बलुतेदारीत सुताराचे. पाते लोहाराने शेवटायचे, दांडा सुताराने वाकसाने तासायचा आणि मोबदला सुगीला खळ्यावर धान्यात घ्यायचा. त्रिं. ना. आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गाव-गाडा’त या व्यवस्थेचे सविस्तर वर्णन आहे.

‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ म्हणून मराठीने दांड्याला कायमचे फितूर ठरवले. हा अन्यायच म्हणायचा. घावाचा हादरा आधी तोच सोसतो. मग तो हाताला पोचतो.

शिरूर-दौंडच्या उसाच्या फडांत आजही तोडणी कामगाराच्या कोयत्याला लाकडी मूठ असते. पाते झिजले की लोहाराकडे जाते. मूठ मोडली की चुलीत जाते.