चौपाटीवरची खोली

माउली, लेकराला रोज फिजिओथेरपीला नेता. ते रडतं, पाय मात्र तसाच दिसतो. रात्री वाटतं, हे सारं कशासाठी? हाच प्रश्न पूर्वी मुंबईतल्या फातिमा इस्माईल यांच्यापुढे होता. १९४० च्या दशकात त्यांच्या लहानग्या लेकीला पोलिओ झाला. पोलिओ मज्जारज्जूतल्या चेतापेशी मारतो. स्नायू लुळे पडतात, हालवले नाहीत तर सांधे आखडतात. त्यावर औषध नव्हतं, आजही नाही. शेक द्यायचा, पाय हातात धरून तीच हालचाल पुन्हा पुन्हा करायची, महिनोन्महिने. आळंदीहून निघालेला वारकरी दिवे घाटात पंढरीचा कळस शोधत नाही, आजचा मुक्काम गाठतो, तसंच हे.

फातिमाबाई लेकीला घेऊन मद्रासला डॉ. किणींकडे गेल्या, तिथेच राहिल्या. हळूहळू फरक पडू लागला. पण मद्रासला जाणं किती आयांना जमणार? १९४७ मध्ये डॉ. बाळिगांनी चौपाटीवरची आपली तपासणीची खोली दिली आणि तिथे पोलिओ झालेल्या मुलांचा दवाखाना सुरू झाला.

उद्या थेरपीला गेलात की बाकावर शेजारी बसलेल्या आईला विचारा, सहा महिन्यांपूर्वी तिच्या लेकराचा पाय कसा होता.