न दिसणारा धूर

‘‘सर, पत्रा मारून टाकू का?’’

२०१४ साली पुण्यातल्या एका गॅरेजमध्ये मला हा प्रश्न विचारला गेला. माझी जुनी डिझेल गाडी चढावर दम टाकत होती, काळा धूर ओकत होती. मेकॅनिक म्हणाला, ‘‘ईजीआर व्हॉल्व्ह काजळीनं भरलाय. साफ कशाला करायचा? मध्ये पत्रा घालून वाटच बंद करू.’’ मी आयुष्यभर मुलांना इंजिनं शिकवलेला माणूस. तरीही ‘हो’ म्हणून मोकळा झालो. माझं काय चुकलं ते कळायला आधी लॉस एंजेलिसला जावं लागेल.

जुलै १९४३. महायुद्धाचे दिवस. त्या शहरावर दाट धुरकं उतरलं. डोळे चुरचुरू लागले, घसे बसले. लोकांना वाटलं, जपाननं विषारी वायू सोडला! मग संशय गेला कृत्रिम रबरासाठी लागणारं रसायन बनवणाऱ्या कारखान्यावर. तो बंद केला, तरी धुरकं हटेना. हे कोडं सोडवलं कॅलटेक या संस्थेतल्या एरी हागेन-स्मिट यांनी. हे गृहस्थ मूळचे डच, आणि अभ्यास करत होते अननसाच्या वासाचा! १९५०च्या सुमारास त्यांनी दाखवून दिलं की मोटारींतून आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून बाहेर पडणारी अर्धवट जळलेल्या इंधनाची वाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांवर कडक ऊन पडलं, की ओझोन तयार होतो. डोळे झोंबत होते ते या सगळ्या मिश्रणानं.

आता हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. एरवी अगदी गरीब वायू, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण सिलिंडरमधलं तापमान साधारण चौदाशे अंश सेल्सिअसच्या वर गेलं, की तोही झपाट्यानं ऑक्सिजनशी हातमिळवणी करतो. उपाय एकच, जाळ थोडा मंद करायचा. चुलीत निखाऱ्यांवर राख सारली की धग कमी होते ना, तसं. इंजिनाची राख म्हणजे एक्झॉस्ट गॅस. एकदा जळालेला हा वायू पुन्हा जळत नाही, नुसती उष्णता शोषून घेतो. म्हणून त्याचा थोडा भाग परत आत सोडायचा. पेट्रोल गाड्यांत साधारण पाच ते पंधरा टक्के. १९७० साली अमेरिकेत हवा शुद्ध राखण्याचा कडक कायदा आला आणि १९७३पर्यंत तिथल्या बहुतेक गाड्यांत हा व्हॉल्व्ह बसला.

आमच्या वर्कशॉपमध्ये त्या काळातलं एक अमेरिकन इंजिन होतं. त्यावर मी मुलांना परीक्षा शिकवत असे. इंजिन गरम करा, आयडलिंगला ठेवा. या वेळी व्हॉल्व्ह बंदच असायला हवा. त्याची रबरी नळी काढून हातपंपानं व्हॅक्यूम द्या. इंजिन अडखळलं किंवा बंद पडलं, तर शाब्बास, सगळं ठीक. दांडी हलते, पण इंजिनाला पत्ताच नाही, तर वाट काजळीनं बुजली आहे. व्हॅक्यूम टिकतच नाही, तर डायफ्रॅम फाटला आहे. पंप लावण्याआधीच इंजिन गचके देतंय, तर व्हॉल्व्ह उघडाच अडकला आहे. मात्र काही व्हॉल्व्ह एक्झॉस्टचा दाब मिळाल्यावरच व्हॅक्यूम धरतात, त्यांना घाईनं नापास करू नये.

अमेरिकेतही अनेकांनी या नळीत लोखंडी गोळी कोंबून व्हॉल्व्ह मुका केला होता. त्यामुळे १९८४पासून कॅलिफोर्नियात दर दोन वर्षांनी बॉनेट उघडून तपासणी सुरू झाली.

आता माझ्या गाडीकडे येऊ. पत्रा मारल्यावर पिकअप सुधारला, काळा धूर घटला. पीयूसीला तर आकडा पूर्वीपेक्षा चांगला आला! यात जादू काही नाही. डिझेल इंजिनात ईजीआर बंद केलं की काजळी कमी होते आणि नायट्रोजन ऑक्साइडं वाढतात. आणि डिझेल गाडीच्या पीयूसीत मोजतात ती फक्त धुराची घनता. वाढलं ते कुणी मोजलंच नाही.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०१५मध्ये, फोक्सवॅगनचं प्रकरण उघडकीला आलं. चाचणी चालू आहे हे ओळखून नायट्रोजन ऑक्साइडं रोखणारी यंत्रणा नीट चालवायची आणि रस्त्यावर सैल सोडायची, असं सॉफ्टवेअर जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत होतं. डिसेंबरमध्ये, पुण्याच्या एआरएआय या संस्थेनं केलेल्या चाचण्यांनंतर, कंपनीनं भारतातल्याही सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी बोलावल्या. बातमी वाचून मी तावातावानं बोलू लागलो आणि मध्येच गप्प झालो. त्यांनी केलं ते सॉफ्टवेअरनं, मी केलं पत्र्यानं.

दुसऱ्या दिवशी गॅरेज गाठलं. पत्रा काढला. व्हॉल्व्ह आणि वाट खरवडून साफ करायला दीड-दोन तास लागले, इतकंच.

मित्रहो, सिग्नलला आपल्या गाडीमागे स्कूटरवर आईच्या पुढ्यात एखादं पोर उभं असतं. काळा धूर आला तर ते नाक तरी दाबेल. जो दिसतच नाही, त्याची काळजी गाडीवाल्यानंच घ्यायची.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)