सर्व्हर नसलेला डेटाबेस आणि तो उघडणारी खिडकी

आज एका लहानशा प्रोग्रामची गोष्ट सांगायची आहे. पण सुरुवात जहाजावरून करावी लागेल.

साल 2000. रिचर्ड हिप अमेरिकी नौदलाच्या ‘ऑस्कर ऑस्टिन’ या विनाशिकेसाठी सॉफ्टवेअर लिहीत होते. जहाजाला तडाखा बसला, पाइप फुटले, तर कोणते व्हॉल्व्ह बंद करायचे हे सांगणारं. माहिती होती इन्फॉर्मिक्सच्या सर्व्हरवर. सर्व्हर बसला की हिप यांच्या प्रोग्रामच्या खिडकीत निरोप झळकायचा : डेटाबेसशी संपर्क होत नाही. चूक सर्व्हरची, बोलणी यांना! त्यांना वाटलं, फाइल डिस्कवरून थेट वाचता येत असेल तर मध्ये सर्व्हर हवाच कशाला? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एसक्यूलाइट आलं. आज ते तुमच्या-माझ्या फोनमध्येही आहे.

म्हणजे अख्खा डेटाबेस एका फाइलीत मावला. पेन ड्राइव्हवर घाला नि घरी न्या. पण तीच फाइल नोटपॅडमध्ये उघडा, सुरुवातीचे दोन-तीन शब्द वाचता येतात, पुढे अगम्य चिन्हांची सरमिसळ. कमांड टाइप करणाऱ्यांची सोय होती. बाकीच्यांची माहिती त्यांच्याच कपाटात, किल्ली मात्र दुसऱ्याकडे.

ती किल्ली केली ब्राझीलच्या मौरिसिओ पिआसेंतिनी यांनी. त्यांच्या कंपनीच्या एका विकाऊ उत्पादनाबरोबर ‘आर्का डेटाबेस ब्राउझर’ फुकट मिळायचा. पुढे त्यांनी तो सुटा करून सगळ्यांना खुला केला. नाव ब्राउझर असलं तरी इंटरनेटशी संबंध नाही हं! सी प्लस प्लस आणि क्यूटी वापरून लिहिलेला, थेट मशीनवर चालणारा प्रोग्राम. पुढची कामं इतर स्वयंसेवकांनी उचलली.

आता खरी गंमत. तक्त्यातला एक रकाना काढायचाय, साधी गोष्ट. पण मार्च 2021 पर्यंत एसक्यूलाइटमध्ये त्यासाठी थेट आज्ञाच नव्हती. मग एडिटरनं काय करायचं? नवा तक्ता बांधायचा, ओळी त्यात उतरवायच्या, जुना पुसायचा, नव्याला जुन्याचं नाव द्यायचं. आपल्याला दिसतं काय, तर फक्त एक बटण.

आणि दुसरं बटण : ‘बदल लिहा’. तुम्ही केलेले फेरफार ते दाबेपर्यंत पक्के होत नाहीत. पत्र टाइप करून सेव्ह करावं, तसंच. चुकलं तर मागे फिरता येतं. पण तोवर दुसरा प्रोग्राम त्या फाइलीत लिहायला गेला की उत्तर मिळतं, डेटाबेसला कुलूप आहे. यावर पुष्कळजण वैतागतात. मला विचाराल तर हा सौदा रास्त आहे. चुकून पुसलेली हजार नावं परत मिळत असतील तर दोन मिनिटं थांबायला काय जातं?

2014 मध्ये या प्रोग्रामचं नाव बदललं. तोवर तो ‘एसक्यूलाइट डेटाबेस ब्राउझर’ होता, त्यामुळे लोकांना तो एसक्यूलाइटवाल्यांचाच वाटायचा. मदत मागायची तर ती तिकडेच. शेवटी हिप यांनीच विनंती केली, नि ‘डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट’ असं नवं नाव लागलं. चौदा वर्षांपूर्वी जहाजावर झालं होतं तेच पुन्हा : खिडकी एकाची, विचारणा दुसऱ्याला.