मास्टर ऑफ पपेट्स

अमेरिकी हेवी मेटल बँड ‘मेटॅलिका’चा तिसरा स्टुडिओ अल्बम (मार्च 1986). ध्वनिमुद्रण कोपनहेगन येथे. सहनिर्माते फ्लेमिंग रासमुसेन. एकूण रचना आठ. साडेआठ मिनिटांच्या शीर्षकगीतात बँडचा गायक-गिटारवादक जेम्स हेटफील्ड मुख्य धून वेगाने, तारा वरून खालीच छेडत वाजवतो. मध्यावर लय संथावते व दोन गिटारींचे स्वर एकत्र गुंफले जातात (पहा : थ्रॅश मेटल). रेडिओचे फारसे पाठबळ नसताना अल्बम बिलबोर्ड 200 यादीत 29 व्या क्रमांकापर्यंत गेला. त्याची लोकप्रियता मुख्यतः चाहत्यांनी घडवली, हे यावरून दिसते. सप्टेंबर 1986 मध्ये बासवादक क्लिफ बर्टन यांच्या अपघाती निधनामुळे ही लोकप्रियता वाढली, असा आक्षेप घेता येईल; परंतु 2022 मध्ये ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ मालिकेत वाजल्यानंतर शीर्षकगीत प्रथमच बिलबोर्डच्या हॉट 100 यादीत आले, याचा उलगडा केवळ शोकभावनेने होत नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेसने 2016 मध्ये राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत समाविष्ट केलेला हा पहिला मेटल अल्बम होय.